जाताना सर्व्हर वाढवा

आमच्या ऑफिसात 'मारणे' हे क्रियापद वापरायला बंदी आहे. ही बंदी मालकांनी घातलेली नाही. त्यांना तिची कल्पनाही नसावी. ती घातली आहे दत्ताभाऊ येळवंड्यांनी, आणि मोडणाऱ्याला शिक्षा एकच. दत्ताभाऊ आपली खुर्ची सोडून त्याच्या टेबलापाशी येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात विचारतात, "का वो मारला? काय वाकडं केलं हुतं त्यानं तुमचं?"

हा 'तो' म्हणजे सर्व्हर.

संगणकाच्या धंद्यातली माणसं बोलायला फार रानटी असतात, हे मला इथे आल्यावर कळलं. चालू असलेला प्रोग्राम थांबवायचा असला की ती त्याला मारतात, उडवतात, ठोकतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक अगदी सौम्य चेहऱ्याची मुलगी डबा खाता खाता म्हणाली, "कालपासून तिघं लटकलेत, मारून टाका सगळ्यांना," आणि माझा घास हातातच राहिला. दत्ताभाऊंचे केस या धंद्यात पांढरे झाले, पण कान काही तयार झाले नाहीत.

"दुकानदार रातच्याला दुकान बंद करतो म्हनतो का?" ते विचारतात. "वाढवतो म्हनतो. देवापुढं नारळ फोडतो म्हनतो का? वाढवतो म्हनतो. बाईमानसाची बांगडी पिचकली तर तीबी वाढवली म्हनायची. मग सर्व्हरनंच काय घोडं मारलंय? त्यालाबी वाढवायचा."

घोडं मारायला मात्र त्यांची हरकत नसावी.

मला त्यांचं बोलणं पटलं. शब्द हाच माझा धंदा आहे. आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तकं मी लिहिते. नवरा गेल्यावर वर्षभर मी थेरगावच्या घरात पुस्तकांच्या ढिगात बसून काढलं. पुढे पुढे ती पुस्तकंही वाचवेनात, तेव्हा बहिणीनं मला जवळजवळ ढकलूनच या नोकरीत घातलं. ऑफिस चिखलीत. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर आम्ही. दिवसभर जमिनीतून एक बारीक थरथर येत असते आणि टेबलावरचा चहा कायम शहारलेला असतो. फक्त गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असते. त्या दिवशी शांततेनं सगळे अस्वस्थ होतात.

आम्ही चाकणच्या कारखान्यांना गेटपासचं सॉफ्टवेअर पुरवतो. ट्रक आला, ड्रायव्हर कोण, माल काय, आत कधी गेला, बाहेर कधी पडला, हे सगळं गेटवरच्या संगणकात ब्राउझर उघडून भरायचं. ही पानं जो प्रोग्राम पुरवतो तो सर्व्हर. त्यात काही बदल केला की तो नीट चालतो का हे तपासावं लागतं, आणि ते तपासायला माणूस बसवायचा नाही, यंत्रच बसवायचं अशी हल्लीची रीत आहे. यंत्र स्वतः पान उघडतं, खोटा ट्रक आत घेतं, खोटा ट्रक बाहेर काढतं आणि सगळं बरोबर झालं की हिरवी खूण करतं. अशी एकेक तपासणी म्हणजे एक टेस्ट. अशा शेकडो टेस्ट लिहिणारा आणि सांभाळणारा माणूस म्हणजे दत्ताभाऊ.

त्यांच्या टेस्ट मी वाचल्या आहेत. वाचनीय आहेत. दुसरे लोक खोट्या ड्रायव्हरला 'एबीसी' किंवा 'टेस्ट एक' असं नाव देतात. दत्ताभाऊंचे ड्रायव्हर मात्र नावागावाचे असतात. त्यातले बरेचसे त्यांच्या कुरुळी गावचे आहेत. मुदत संपलेलं लायसन्स घेऊन येणारा आणि दर वेळी गेटवरून परत पाठवला जाणारा ड्रायव्हर त्यांच्या मेव्हण्याच्या नावाचा आहे. "बदला त्याचं नाव," असं मी एकदा सुचवलं. "न्हाई," ते म्हणाले. "त्यो तसाच हाय."

टेस्ट सुरू करायच्या आधी सर्व्हर चालू करावा लागतो आणि काम झाल्यावर बंद. एवढीशी गोष्ट, पण दत्ताभाऊंच्या हाती पडून तिचं शास्त्र झालं आहे. सर्व्हर चालू 'करायचा' नाही, 'उठवायचा'. उठवल्याबरोबर त्याला कामाला जुंपायचं नाही. लोक इथे आळस करतात: सर्व्हर उठायला अंदाजे अर्धा मिनिट लागत असेल, तर टेस्टला अर्धा मिनिट थांबायला सांगतात. सर्व्हर एखाद्या दिवशी आळसावलेला असला, की टेस्ट बंद दारावर डोकं आपटून पडते.

"अंदाजानं कुनी उठत असतंय व्हय?" दत्ताभाऊ म्हणतात. "हाक मारायची. ओ दिली न्हाई तर जरा थांबून परत हाक. ओ आली, की मग कामं सांगायची. आन् लईच हाका मारून ओ न्हाई आली, तर समजायचं, मानूस आजारी हाय. आरडाओरडा करायचा."

आणि शेवटचा, त्यांच्या लेखी सर्वांत पवित्र नियम: ज्यानं उठवला त्यानंच वाढवायचा. टेस्ट पास होवो, नापास होवो, मध्येच कोलमडो. आपण उठवलेला सर्व्हर वाढवल्याशिवाय तिनं जायचं नाही. "पडायचं तर पडा, पर दार लावून पडा."

हा नियम त्यांनी ऑफिसपुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी. ऑफिसातल्या कुणाचं लग्न असलं की जेवून पान तोंडात टाकून आम्ही सगळे निघतो, आणि दत्ताभाऊ मंगल कार्यालयाच्या खोल्यांमधून फिरत असतात. पलंगाखाली वाकून बघतात. न्हाणीघरातला गिझर बघतात. "कोन मागं ऱ्हायलंय का?" असं प्रत्येक दारात म्हणतात. एकदा वराच्या आत्याबाई खरोखरच मागच्या खोलीत झोपलेल्या सापडल्या. वऱ्हाडाची बस सुटायच्या बेतात होती. तेव्हापासून दत्ताभाऊंना आवरायला कुणाकडे मुद्दाच उरला नाही.

एकदा आम्ही दोघं चाकणच्या एका कारखान्यात गेलो होतो. गेटवरच्या लोकांना सॉफ्टवेअर शिकवायचं होतं. परत निघताना एका रिकाम्या शेडमध्ये त्यांना पंखा फिरताना दिसला. मोठा, उभा, ट्रकच्या चाकाएवढा. माणूस एकही नाही. दत्ताभाऊ थबकले.

"बंद करा आणि चला," मी म्हणाले.

"मी कसा करू? मी लावलाय का?"

मग शोध सुरू झाला. "ह्यो पंखा कुनी लावला?" असं त्यांनी सिक्युरिटीला विचारलं, कँटीनवाल्याला विचारलं, सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझरला वाटलं तपासणीवाले आले; त्यानं आम्हाला चहा पाजला. शेवटी पंखा लावणारा सापडला. तो पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर होता आणि घरी जाऊन झोपला होता. दत्ताभाऊंनी त्याचा नंबर मिळवून त्याला उठवलं.

"साहेब," पलीकडून तो बिचारा कळवळून म्हणाला, "लातूरला आईला काही झालं का?"

"न्हाई न्हाई, आई ठीक हाय. तुमचा पंखा चालू ऱ्हायलाय."

"मग बंद करा की हो!"

"तसं न्हाई. तुमी 'वाढवा' म्हना, म्हंजे तुमच्या वतीनं वाढवतो."

"वाढवा, वाढवा! कमी करा, काय करायचं ते करा, पण मला झोपू द्या, भाऊ!"

दत्ताभाऊंनी समाधानानं बटण दाबलं. आमची बस चुकली होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ऋचा आली. तिशीची, वाकडला वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, आमच्या टीमची नवी प्रमुख. चालताना पळायची आणि बोलताना उडी मारायची. मनानं निर्मळ. आल्या आल्या तिनं दत्ताभाऊंची फेरी बघितली. सगळ्या टेस्ट एकामागून एक चालवायच्या, त्याला आम्ही फेरी म्हणतो. ती जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू व्हायची आणि संध्याकाळ उलटून सात वाजले तरी चालू असायची. कारण दत्ताभाऊ प्रत्येक टेस्टसाठी नवा सर्व्हर उठवायचे, ओ येईपर्यंत थांबायचे, काम करायचे, वाढवायचे. मग पुढच्या टेस्टसाठी पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा सर्व्हर मात्र ते रोज स्वतःच्या हातानं वाढवायचे. ऑफिस सहाला सुटायचं. दत्ताभाऊ मागे बसून राहायचे. फेरीला एकटं टाकून जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मीही रेंगाळत असे, पण माझं काही काम नसायचं.

"दत्ता सर," ऋचा म्हणाली, "सकाळी एकदा सर्व्हर चालू करू. सगळ्या टेस्ट त्याच्यावरच चालवू. शेवटी एकदा बंद. तासाभरात खेळ खल्लास."

"मॅडम, एका पत्रावळीवर सगळं वऱ्हाड जेवायला बसवता का?"

"म्हणजे?"

"पयल्या टेस्टनं ट्रक आत घेतला. ती मधीच पडली. ट्रक आतच उभा. दुसरी टेस्ट त्योच ट्रक घिऊन आली, का सर्व्हर म्हनतो, ट्रक आदीच आत हाय. आता चूक कुनाची? पयलीच्या खरकट्यावर दुसरी बसली तिची का?"

"मग पत्रावळ बदला ना! तुम्ही तर प्रत्येक पाहुण्यासाठी नवीन कार्यालय बुक करताय!"

हा घाव बरोबर बसला. दत्ताभाऊ निरुत्तर झाले, म्हणजे "तसं न्हाई" असं तीनदा म्हणाले.

पण ऋचाही हौसेनं बोलत नव्हती. कारखान्यांना बदल त्याच दिवशी हवे असत. सकाळी सांगितलेली दुरुस्ती फेरीच्या पायी दुसऱ्या दिवशी जाई, आणि तोवर चाकणच्या एखाद्या गेटवर ट्रकची रांग लागलेली असे. मालकांनी ऋचाला बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत फेरी चहाच्या वेळेच्या आत संपली पाहिजे. नाहीतर दत्ताभाऊंची रीत बंद. एकच सर्व्हर, शेवटी मारून टाकायचा. आणि टेस्ट सांभाळायला मग एवढा जुना माणूस कशाला लागतो? दत्ताभाऊंना चाकणला एका कारखान्याच्या गेटवर मदतनीस म्हणून बसवू. शिफ्टमध्ये.

हे तिनं त्यांना स्वतः सांगितलं, समोर बसून. मला तिचं ते आवडलं. दत्ताभाऊंनी ऐकून घेतलं. "बगू," म्हणाले. नंतर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"कुरुळीवरनं चाकन काय लांब न्हाई," ते म्हणाले. "पर आपल्या मागं ह्यास्नी कोन वाढवनार? मारून टाकतील वो पटापटा."

त्या महिन्यात ऋचा त्यांच्याशी रोज नव्या युक्तीनं वाद घालायची आणि ते रोज जुन्या उत्तरानं परतवायचे. फेरी एका मिनिटानंही कमी झाली नाही. मला वाटायचं, हा माणूस हट्टापायी स्वतःचीच खुर्ची गमावणार.

आणि मग तो शुक्रवार आला. पुतणीचा साखरपुडा होता, म्हणून दत्ताभाऊ पहिल्यांदाच फेरी अर्धवट टाकून निघाले. दारात चपला घालता घालता वळून ऋचाला म्हणाले, "मॅडम, फेरी झाली का जाताना सर्व्हर वाढवा बरं का! इसरू नका."

"हो हो, नक्की!" ऋचा म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला जरा नवल वाटलं. सर्व्हर बंद करायला सांगितलं तर एवढं काय खुलायचं? पण मी काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी जिन्यातच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. टेस्ट ज्या मशीनवर चालतात त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत होता, खालच्या लेथवाल्यानं वर येऊन "तुमी बी लेथ घेतली का काय?" असं विचारलं. पडद्यावर लाल खुणांची रास. मधोमध ऋचा उभी, केस विस्कटलेले. दत्ताभाऊ आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रामची यादी बघितली.

"ही येवडी पिलावळ कुनाची?"

"तुमचीच!" ऋचा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात वाढवा!"

"मंग वाढवला का न्हाई?"

"वाढवलेच ना! एकाचे वीस केले!"

दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी ऋचाकडे बघितलं. ऋचानं दोघांकडे बघितलं.

"मॅडम, वाढवा म्हंजे बंद करा!"

"बंद करा म्हणजे वाढवा? मग वाढवा म्हणजे काय?"

निवाड्याला मला बोलावण्यात आलं. मी सांगितलं, की आपल्या भाषेत शेवटाला शेवट म्हणायचं जिवावर येतं. निघणारी बाई सुद्धा जाते म्हणत नाही, येते म्हणते. म्हणून दुकान वाढवतात, नारळ वाढवतात. ऋचा ऐकत राहिली आणि एकदम हसत सुटली.

"नारळ! लहानपणी सत्यनारायणाला आई म्हणाली, नारळ वाढव. मी सोललेला अख्खा नारळ नेऊन गुरुजींच्या ताटात वाढला! भाताशेजारी! मला आजपर्यंत कळलं नव्हतं सगळे का हसले ते!"

म्हणजे झालं होतं असं: तिला वाटलं, दत्ताभाऊंनी अखेर हार मानली. एक सर्व्हर पुरत नाही, तर जास्त घ्या, असं ते स्वतःच सुचवून गेले. बिचारीनं शनिवार-रविवार घरी बसून मनापासून काम केलं. वीस सर्व्हर एकाच वेळी उठतील आणि टेस्ट त्यांच्यात वाटल्या जातील अशी व्यवस्था केली. फक्त एक राहिलं. सर्व्हरला एक दार लागतं. त्याला पोर्ट म्हणतात, आणि त्याला नंबर असतो. आमच्या टेस्टमध्ये तो नंबर जुन्या काळापासून एकच लिहिलेला. वीसच्या वीस सर्व्हर एकाच दारावर येऊन चेंगरले. जो आधी आला त्याला दार मिळालं. बाकीचे पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले. मधल्या मध्ये टेस्ट कोसळल्या, आणि ज्यांनी कुणी सर्व्हर उठवले होते त्यांच्यापैकी वाढवायला कुणीच उरलं नाही.

हसू ओसरलं तोच फोन वाजला. मालकांचा. त्या दिवशी दुपारी एका कारखान्याला दुरुस्ती जायची होती आणि तपासणीशिवाय ती पाठवता येत नव्हती. "हो सर... माझ्याकडून झालं सर... नाही, दत्ता सरांचा काही संबंध नाही," ऋचा बोलत होती. फोन कानाशी धरलेला तिचा हात हलत होता. लेथ तर अजून सुरू व्हायची होती.

दत्ताभाऊ यादीतले सर्व्हर वाढवायला बसले. एका आज्ञेत सगळे सर्व्हर मारता येतात, पण ते एकेकाला वाढवत होते. मध्येच त्यांची बोटं थांबली. त्यांनी ऋचाकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. बराच वेळ ते नुसते बसून राहिले. मला वाटलं, विचार करताहेत.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "तुमचं गनित चुकल्यालं न्हाई. दारं चुकल्यात. परत्येकाला येगळं दार दिलं तर? नंबर आपुन ठरवायचाच न्हाई. जे दार मोकळं असंल ते मशीनलाच मागायचं. परत्येकाची नोंदवही येगळी, ट्रक येगळे. परत्येक टेस्ट आपला सर्व्हर उठवील, ओ घेईल, काम करील, वाढवील. पर रांगेत न्हाई. शेजारी शेजारी."

ऋचानं तोंडावर हात ठेवला. "वीस पत्रावळी," ती म्हणाली.

"एकाच पंगतीत," दत्ताभाऊ म्हणाले.

दुपारचं जेवण त्या दोघांनी टेबलावरच केलं. ती टाइप करायची, ते मागे उभे राहून सांगायचे. मग ते टाइप करायचे आणि ती उभी राहायची. एकदा ती म्हणालीसुद्धा, "सर, हा वाढवू का?" आणि म्हणजे नक्की काय, ते दोघांनाही क्षणभर कळेना. मशीनला वीस झेपेनात, म्हणून आठांवर आणले. दुपारी फेरी सुरू झाली. लाल खुणा आल्या, दुरुस्त झाल्या, पुन्हा सुरू झाली. आणि चहावाला केटली घेऊन वर आला तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा होता. दत्ताभाऊंनी यादी उघडून बघितली. मागे एकही सर्व्हर राहिला नव्हता.

दुरुस्ती कारखान्याला वेळेत गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी जिलेबी मागवली. दत्ताभाऊंची रीत राहिली, खुर्ची राहिली, आणि चाकणच्या गेटवर कुणालाही बसवायचं कारण उरलं नाही. ऋचानं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून जाहीर केलं, "दत्ता सर, आजपासून सहाला घरी! फेरीची राखण बंद!"

"बरं बरं," दत्ताभाऊ म्हणाले, आणि जिलेबी खाण्यात गढून गेले.

त्यानंतरचे काही दिवस मी बघत होते. सहा वाजता ऑफिस रिकामं व्हायचं. दत्ताभाऊ पंखे बंद करायचे, जे त्यांनी लावलेले नसायचे. खिडक्या लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. मग संपलेली फेरी पडद्यावर उघडून तिच्या हिरव्या खुणा वरून खाली वाचत बसायचे. सगळ्या बरोबर होत्या. वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

एका गुरुवारी, वर्कशॉप बंद आणि सगळं शांत असताना, ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एक इचारू? हसू नका."

"विचारा."

"सा वाजता घरी जाऊन लोकं करत्यात काय?"

हसू नका म्हणाले म्हणून मला हसू आलं. मग मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना माहिती हवी होती.

"पोराची आई मंदा हुती तवा आठ कदी वाजायचे कळायचं न्हाई," ते म्हणाले. "आता आठला घरी गेलं का बरं पडतंय. डबा गरम करायचा, बातम्या लावायच्या, आडवं व्हायचं. पर ह्ये सा ते आठ लई लांबलचक असतंय वो. पोरगा क्यानडात. त्याची तवा सकाळ, हापिसाची घाई. खाली भाडेकरू पोरं हायेत, समदी शिफ्टवाली. निम्मी कंपनीत, निम्मी झोपल्याली. टीव्हीचा आवाजबी मोठा करता येत न्हाई."

"तरी बरं," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमची फेरी सातपर्यंत चालायची."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला.

"येगळ्या दारांचं मला आदीच सुचलं हुतं," ते म्हणाले. "लई आदी. मंदा गेली त्या साली."

मग केलं का नाही, हे विचारायची मला गरज नव्हती. मी विचारलं ते दुसरंच. "आणि त्या सोमवारी कसं काय बोललात?"

"सोमवारी?" त्यांना प्रश्नच कळला नसावा. "अवो, पोरीचा हात बगितला का तुमी, फोन धरल्याला?"

मी टेबल आवरलं. आवरण्यासारखं फार नव्हतं. "चला," मी म्हणाले.

"कुटं?"

"मला भाजी घ्यायची आहे. लोक सहा वाजता भाजी घेतात."

चिखलीच्या रस्त्यावर त्या वेळी हातगाड्यांची रांग असते. दत्ताभाऊ पिशवी नसलेले हात मागे बांधून, परगावच्या पाहुण्यासारखे बघत माझ्या मागून चालत होते. दोडक्यापाशी थांबले, पुढे गेले. मेथी हातात घेतली, ठेवली. कोथिंबिरीच्या गाडीपाशी मात्र ते घुटमळले आणि हळूच मला म्हणाले, "एका मानसाला किती लागती हो?"

"मला अजून जमलेलं नाही," मी म्हणाले. "दर आठवड्याला निम्मी जुडी पिवळी पडते."

"माजीबी."

म्हणून आम्ही दोघांत मिळून एक घेतली. गाडीवाल्या मावशी वैतागल्या. "येका जुडीचे दोन वाटे? आन् ते माज्याच गाडीवर करनार?"

"जरा जागा द्या मावशी," दत्ताभाऊ म्हणाले. त्यांनी जुडीचा दोरा सोडला, काड्या गोणपाटावर पसरल्या आणि वाटणी करायला घेतली. एक माझ्या बाजूला, एक त्यांच्या बाजूला. चांगल्या पानाची काडी आली की ती माझ्या बाजूला जायची, मग हिशेब चुकला म्हणून पुन्हा सगळ्या एकत्र.

"अवो भाऊ, सोनं न्हाई त्ये!" मावशी म्हणाल्या.

"तसं न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रस्त्यावरचे दिवे लागले. मी गाडीच्या कडेला पिशवी टेकवून उभी राहिले. त्यांना घाई केली नाही. जुडी मोठी होती, आणि आठ वाजायला अजून अवकाश होता.